ज्वालामुखी, आठ माणसं आणि एक पिशवी

सगळ्यात आधी एक सांगून ठेवते. ही हकिकत ज्वालामुखीची आहे आणि मी ती रागात सांगणार आहे, पण माझ्या रागाला ज्वालामुखीची उपमा कोणीही द्यायची नाही. ती आमच्या ह्यांनी देऊन झालेली आहे. "एका ज्वालामुखीला दुसरा ज्वालामुखी बघायचाय," असं हे आधी फोनवर बहिणीला म्हणाले, मग जिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणाले, मग बोटीवर सगळ्यांना एकदम म्हणाले, आणि तिन्ही वेळा दुसरं कोणी हसायच्या आत स्वतःच हसले. तेव्हा तो विनोद आता शिळा झालेला आहे.

मी वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. आमच्याकडे खिडक्या चार. पहिल्या तीन खिडक्यांमागची माणसं कोणीही काहीही विचारलं की मान वर न करता म्हणतात, "बाजूच्या खिडकीत विचारा." असं करत करत माणूस चौथ्या खिडकीशी येऊन थडकतो. ती माझी. माझ्या बाजूला भिंत आहे. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून आजतागायत ते वाक्य म्हणायचं भाग्य माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. तीन खिडक्यांवर तापून आलेला माणूस माझ्यासमोर उकळतो. कोणाचा मीटर पळतो, कोणाचा मीटर हलत नाही, कोणाची तार शेजाऱ्याच्या गॅलरीत लोंबते आणि शेजारी तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. एक गृहस्थ दर सोमवारी येऊन सांगतात की त्यांच्या तक्रारीचं अजून काहीच झालेलं नाही. तक्रार काय होती ते आता त्यांनाही आठवत नाही, पण ते येतात.

घरी आल्यावरही खिडकी उघडीच असते. टॉवेल ओला का, चहा कोमट का, माझा चष्मा कुणी उचलला. कार्यालयात निदान मध्ये काच तरी आहे.

म्हणून कार्यालयाच्या फलकावर ती जाहिरात दिसली तेव्हा मी डबा हातात घेऊन तिच्यासमोर उभीच राहिले. ज्वालामुखीच्या बेटाची एक दिवसाची सहल, सोबत माहितगार गाईड, छोटा गट. फक्त आठ जण. खाली लिहिलं होतं, 'निवांत दिवस, नव्या ओळखी.' मला नव्या ओळखी नको होत्या, पण जुन्या नसतील एवढं त्यावरून नक्की झालं. शिवाय ज्वालामुखी. कधीही, कसाही बिघडू शकेल असं काहीतरी मला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं, जे बिघडलं तरी फोन मला येणार नाही. त्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं आणि अख्खा एक दिवस कोणी मला "अगं" म्हणायचं नाही. एवढंच मागणं होतं. मी काही सोन्याच्या बांगड्या मागितल्या नव्हत्या.

मी फोन करून नाव नोंदवलं. घरी आदल्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे सल्ले द्यायला कोणाला वेळ उरणार नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी पलीकडच्या बाईने विचारलं, "काही झालं तर कोणाला कळवायचं?" मी सवयीने ह्यांचा नंबर दिला.

त्या बाईने त्याच दुपारी ह्यांना फोन केला. नंबर बरोबर आहे ना, याची खात्री करायला! आता मला सांगा, काही झालं तर कळवायचं होतं की नाही? काही झालं होतं का? काही व्हायच्या आधीच कळवून तिने ते घडवून आणलं. मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या ऑफिसात जाऊन धडकले. आयुष्यात पहिल्यांदा मी तक्रार करणाऱ्याच्या बाजूला उभी होते. मी तोंड उघडताच टेबलावरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाजूच्या टेबलावर विचारा." बाजूच्या टेबलावरचा माणूस चहाला गेला होता. मी तशीच परत आले.

फोन आला त्याच संध्याकाळी घरी हे एखादं बक्षीस लपवल्यासारखा चेहरा करून दारात उभे. "तुला एकटीला पाठवीन होय मी? माझंही नाव घातलंय!"

"अहो, पण मला एकटीलाच..."

"आभार कसले मानतेस," हे म्हणाले.

मी आभार मानत नव्हते. पण ह्यांना माझी वाक्यं अर्धीच ऐकायची सवय आहे, उरलेली ते स्वतः बनवतात. मग ह्यांनी बहिणीला सांगितलं. बहीण म्हणजे माझी थोरली नणंद. ताईंना कुठल्याही गोष्टीत हौस नसते, पण त्यांना वगळून कोणी हौस केलेली चालत नाही. त्यांचं आणि त्यांच्या यजमानांचं नाव गेलं. त्यांना विचारलं आणि आम्हाला नाही, म्हणून दीर-जाऊ रुसले. त्यांची समजूत काढण्यासाठी त्यांची नावं गेली. हे सगळं आमच्या घरात मोठ्याने ठरत असल्यामुळे खालच्या मजल्यावर सेक्रेटरींना ऐकू गेलं, आणि ते वर येऊन म्हणाले, "दोन जागा उरल्यात म्हणे. आपल्यात परका माणूस कशाला?"

अशा रीतीने आठ झाले. मी जाहिरातीतला तो आकडा पाहून हुरळले होते, तोच आकडा माझ्या मानेवर बसला.

मी रद्द करायला फोन केला. पलीकडून उत्तर आलं की गट ठरल्यावर एक जण जरी गळला तरी सगळ्या गटाचंच रद्द होतं. म्हणजे मी गेले नसते तर सात जणांचे शाप लागले असते. एव्हाना सगळे एकमेकांना सांगत होते की खरं तर आम्हाला जायचं नव्हतं, पण वहिनींच्या हौसेखातर चाललोय.

सल्ल्यांबद्दल थोडक्यात सांगते. सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून सांगितलं की ज्वालामुखीवर सुती कपडेच घालावेत, बाकीचे वितळतात. त्यांच्या बायकोने विचारलं की तिथे टाचा घासायच्या दगडांचा खच पडलेला असतो म्हणे, तर प्रत्येकीला एकेक आणता येईल का. गाईडने पुढे बेटावर उतरताच पहिली सूचना दिली ती म्हणजे इथला खडाही उचलायचा नाही, तेव्हा बाईंनी असं तोंड केलं की दगड मीच दडपून ठेवलेत. जाऊबाईंनी तीनदा विचारलं, "पण झोपलेला आहे ना नक्की?" मी म्हटलं, हो, झोपलेला आहे. आमच्या घरी रविवारी हे झोपलेले असतात, तिकडे तो. उठून कामाला लागायचं ते फक्त मी.

आणि पिशवी. आठ जणांचं खाणं, पाण्याच्या बाटल्या, चहाचा थर्मास, ताईंची शाल, सेक्रेटरींच्या बायकोच्या गोळ्या. सँडविचं आणि उकडलेली अंडी मी पहाटे उठून केली. पिशवी माझ्या खांद्यावर, कारण पिशवी दिसली की ह्यांच्या पाठीत कळ येते. मॅच बघायला वाकून बसलं की येत नाही.

बोटीत बसल्यापासून प्रत्येकाचं काहीतरी होतंच, आणि प्रत्येक जण ते मला सांगत होता. जागा अरुंद. ऊन डोळ्यांवर. बोट हलते. बोट हलते हे दिरांनी मला अशा सुरात सांगितलं की मी आता समुद्राकडे वर चौकशी पाठवीन. मागच्या बाकांवर दुसरा एक गट होता, सगळे एकमेकांना अनोळखी. कोणी पुस्तक वाचत होतं, कोणी नुसतं पाण्याकडे बघत होतं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला त्यांचा फार हेवा वाटला.

बेट जवळ आलं तसा वास सुरू झाला. ताईंनी नाक आक्रसलं. माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"वहिनी, अंडी नासलीत."

"ताई, पहाटे उकडलीत. हा डोंगराचा वास आहे, गंधकाचा."

"मला नासक्या अंड्याचा वास कळतो हो. तेवढं तरी मला कळतं."

मग पिशवी एकेकाच्या नाकाखालून फिरली. सेक्रेटरींनी गंभीरपणे हुंगून सांगितलं, "संशयाला जागा आहे." हे मला धीर द्यायला म्हणाले, "होतं गं कधीकधी चुकून." काही झालेलंच नव्हतं! अख्खं बेट गंधक ओकत होतं, जमिनीतून वाफा निघत होत्या, आणि सात माणसं माझ्या अंड्यांकडे बघत होती. शेवटी आमच्या गाईडने, पोरगीच होती ती, हातात छोटं निशाण घेतलेली, स्वच्छ सांगितलं की वास गंधकाचाच आहे. त्यावर ताई म्हणाल्या, "असेल. तरीपण अंडी आपण बघूनच खाऊ."

काळी वाळू ओलांडून आम्ही चौकीशी आलो. तिथे डोक्यावर घालायला पिवळी हेल्मेटं देतात आणि तिथून वर तोंडापर्यंत चढ सुरू होतो. बाजूला पत्र्याची शेड, बाकडी, चहाचं दुकान. वरून पांढरी वाफ हळूहळू निघताना दिसत होती. माझे पाय आपोआप तिकडे वळले.

"मी काय म्हणते," ताई बाकड्यावर बसत म्हणाल्या, "वर जायलाच हवं का?"

त्यांच्या पायांत घरातल्या सपाता होत्या. हेल्मेट दिरांना जड होत होतं. जाऊबाईंचं म्हणणं पडलं की झोपलेल्याच्या उशाशी आपण जाऊच नये. गाईड म्हणाली, "इथे गट तुटत नाही, कारण गाईडशिवाय कोणालाही वर सोडत नाहीत आणि मी एकटीच आहे. सगळे चला, नाहीतर सगळे थांबा. तुमचं तुम्ही ठरवा."

'तुमचं तुम्ही ठरवा' हे शब्द सेक्रेटरींच्या कानावर पडायला नको होते. ते उठून उभे राहिले. हेल्मेट काखेत घेतलं. घसा साफ केला. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी गळते की नाही हे ठरवायला ज्याने चार सभा घेतल्या आणि पाचव्या सभेत गळत नाही असा ठराव केला, तो माणूस ज्वालामुखीच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "गणसंख्या पूर्ण आहे. सभा सुरू करू या."

मला वाटलं थट्टा चाललीय. नव्हती. "ठराव असा की प्रकृतिमान, पादत्राणं आणि वेळ लक्षात घेता गटाने वर न जाता इथेच विश्रांती घ्यावी. सूचक?" ताईंनी हात वर केला. "अनुमोदक?" ताईंचे यजमान कोपऱ्यात डुलकी घेत होते, त्यांचा हात ताईंनी वर केला.

"मी विरोध करते," मी म्हटलं. "अहो, आपण ज्वालामुखी बघायला आलोय ना? तो वर आहे!"

"दिसतोच की इथून," दीर म्हणाले.

"आणि वर जाऊन वेगळं काय दिसणार?" सेक्रेटरी म्हणाले. "भोकच ना? असो. वहिनींचा विरोध नोंदवून घेतला. ठरावाच्या बाजूने हात वर करा."

हात वर गेले. पाच गेले, सहा गेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बहिणीकडे पाहिलं, मग चहाच्या दुकानाकडे पाहिलं, मग बुटांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. आणि ह्यांचाही हात वर गेला.

खरं सांगते, त्या वेळी राग आला नाही. आधी वाईटच वाटलं. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून नाव नोंदवलं होतं, ती माझ्या माणसांनी हात वर करून मोडीत काढली होती, आणि त्यांतला एक हात ह्यांचा होता. राग त्यानंतर आला. हे म्हणाले, "अगं, पुढच्या वेळी येऊ की. तोवर ती पिशवी काढ." त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "पिशवीचा विषय चहा झाल्यावर घेऊ. आता आयत्या वेळचे विषय. या शेडमध्ये पंखा नाही."

पंख्यावर चर्चा सुरू झाली. मी शेडच्या बाहेर आले. चौकीपाशी तो बोटीतला दुसरा गट हेल्मेटं घालून तयार होता, पण त्यांचा गाईड परत परत मोजत होता. त्यांच्यातली एक बाई बोट लागल्यामुळे बोटीतच आडवी झाली होती. सात जणच होते.

आमची गाईड माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "मावशी, बूट चांगले आहेत तुमचे."

"याच्यासाठीच घेतले," मी म्हटलं.

ती चौकीवरच्या माणसाशी बोलली. तो दुसऱ्या गाईडशी बोलला. कोणी सभा घेतली नाही. दुसऱ्या गाईडने मला रांगेत उभं केलं आणि आठ मोजून मान डोलावली.

"तुमच्या लोकांना काय सांगू?" आमच्या गाईडने विचारलं.

मी शेडकडे पाहिलं. ह्यांची पाठ माझ्याकडे होती.

"विचारलं तर सांग," मी म्हटलं. "नाही विचारलं तर नको."

अर्ध्या चढावर माझ्या लक्षात आलं की पिशवी माझ्याच खांद्यावर आहे. देवाशपथ सांगते, मुद्दाम नेली नव्हती. ती तिथे इतकी मुरली होती की मला स्वतःचाच भाग वाटत होती. खाली जाऊन देऊन यावी असं क्षणभर मनात आलंही. मग मला ह्यांचा वर गेलेला हात आठवला आणि मी चढत राहिले.

दमले. धापा टाकल्या. पायांखाली भुसभुशीत खडी सरकत होती. पुढच्या माणसाने एका ठिकाणी न बोलता हात दिला, मी धरला, वर आले, त्याने हात सोडला आणि पुढे गेला. कुठून आलात, यजमान काय करतात, मुलं किती, काही नाही.

वर पोचलो. आता सेक्रेटरींना मुद्दाम सांगते, ते भोकच होतं. मोठं, राखाडी, कडांना पिवळं फासल्यासारखं, आणि तळातून वाफ फुसफुसत येत होती. बस्स. पण त्याला कोणाचं काही पडलं नव्हतं. आपल्या वेळेला, आपल्या मर्जीने, कोणाला न विचारता ते फुसफुसत होतं. मी कडेपासून दूर, गाईडने दाखवलेल्या जागी बसले. जमीन खालून कोमट होती. माझ्या कंबरेला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मला फार आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि लगेच संताप आला, की एवढ्याशा आनंदासाठी केवढी यातायात!

मग मी पिशवी उघडली. अंडी ताजी होती. एकदम ताजी. मी दोन खाल्ली, उरलेली आणि सँडविचं त्या सात अनोळखी लोकांत फिरवली. त्यांनी आधी नको नको म्हटलं, मग सगळी संपवली. वास कोणालाही आला नाही. एक आजोबा म्हणाले, "छान झालंय हो." माझ्या स्वयंपाकाविषयी हे वाक्य मी इतक्या दिवसांनी ऐकलं की थर्मासमधला चहाही मी त्यांनाच ओतून दिला.

उतरताना मात्र मन खाऊ लागलं. सगळे घाबरले असतील. हे शोधत फिरत असतील, ह्यांना पाठीचं दुखणं आहे. ताईंनी रडायला सुरुवात केली असेल. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत उतरले. 'चुकलंच माझं' असं म्हणायचं आणि ह्यांच्याकडे बघायचं, एवढं ठरलं होतं.

चौकीशी आमची गाईड उभी होती. मी धापा टाकत विचारलं, "विचारलं का गं?"

ती निशाण गुंडाळू लागली. "विचारलं."

"फार घाबरले होते?"

"तसं नाही," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. "त्यांनी पिशवीचं विचारलं. पिशवी कुठंय म्हणून. मी म्हटलं, वर गेलीय. तर काका म्हणाले, पिशवी वर कशी गेली?" तिने निशाण काखेत धरलं. "मग त्यांच्या लक्षात आलं."

माझी जुळवलेली वाक्यं मी तिथेच गिळली.

परतीच्या बोटीत मी मागच्या बाकांवर, अनोळखी लोकांत, खिडकीशी जाऊन बसले. आमचे सात जण एकेक करून उठून माझ्याकडे आले. सेक्रेटरी म्हणाले की सभा चालू असताना निघून जाणं नियमात बसत नाही. ताई म्हणाल्या की चहाच्या दुकानात बिस्किटंसुद्धा नव्हती. जाऊबाई म्हणाल्या, "आम्हाला सांगायचं तरी." पिशवी मांडीवर होती, आत रिकामे डबे खडखडत होते.

सगळ्यात शेवटी हे आले. माझ्या बाकाशी उभे राहिले. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. कसं होतं गं वर, एवढं जरी विचारलं असतं तरी मी सरकून जागा दिली असती.

"अगं," हे म्हणाले, "काही उरलंय का? भूक लागलीय."

मी मान वर केली नाही.

"बाजूच्या खिडकीत विचारा," मी म्हणाले.

हे गोंधळून बाजूच्या खिडकीकडे वळले. तिथे या वेळी भिंत नव्हती. लांब जाणारं बेट होतं, आणि त्याच्या डोक्यावरची वाफ. हे त्या खिडकीशी बराच वेळ उभे होते. मी पिशवी पायांशी ठेवली आणि पाय लांब केले.